जटांखालची शेवंती: दत्तक घेतलेल्या पूडलसोबतचं पहिलं वर्ष

शेवंती आमच्या घरी आली त्याला आता वर्ष होत आलं. पूडल या कुरळ्या केसांच्या जातीची कुत्री, लहान चणीची, पाच किलोच्या आसपास, जर्दाळूच्या रंगाची. प्राण्यांच्या निवाऱ्याच्या कागदावर "पूडल, मिश्र, मादी, वय अंदाजे पाच" एवढीच तिची ओळख होती. पिल्लू आणणाऱ्यांसाठी माहिती भरपूर मिळते. पण वयात आलेलं, अंगभर जटा झालेलं, कुरळ्या केसांचं लहान कुत्रं घरी येणार असेल, तर आधी काय करायचं, मग काय, आणि कशाला किती थांबावं लागतं, हे मला एका जागी कुठेच सापडलं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितेय.

दत्तक घेण्याचा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला भरला. अर्ज लांबलचक होता: घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती, घरात कोण कोण राहतं, कुत्रं दिवसातून किती तास एकटं राहील, आधी पाळलेल्या प्राण्यांचं पुढे काय झालं, तुमचा व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर, कोण. त्यात एक प्रश्न होता, "केसांची निगा कोण राखणार, किती दिवसांनी, आणि त्याचा खर्च कोण करणार?" वर्षभरानंतर माझं ठाम मत आहे की हा प्रश्न अर्जात सगळ्यात वर असायला हवा. पुढे फोनवर मुलाखत झाली आणि मग एक स्वयंसेविका घर पाहायला आल्या. त्यांनी गॅलरीच्या गजांमधलं अंतर हाताने मोजून पाहिलं. एवढंसं कुत्रं त्यातून सहज बाहेर पडू शकतं, म्हणून जाळी लावूनच पुढचं बोलू असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जाळी लावून फोटो पाठवला, तेव्हा अर्ज पुढे सरकला.

मग नुसती वाट पाहणं. शेवंतीचं लसीकरण आणि नसबंदी होईपर्यंत तिला घरी नेता येणार नव्हतं, आणि ती अशक्त असल्याने डॉक्टर नसबंदी पुढे ढकलत होते. हा काळ मला जड गेला. पण याच काळात आईचा प्रश्न सुटला, म्हणून तो वाया गेला असं म्हणवत नाही.

आईला अ‍ॅलर्जी आहे. "पूडलचे केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होत नाही," असं जो तो आम्हाला सांगत होता. आमच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की त्रास केसांमुळे होत नाही. तो होतो कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर पूडलसारख्या 'अ‍ॅलर्जी न करणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांवर त्यातलं एक मुख्य प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच आढळलं होतं. म्हणून आईने निवाऱ्यात जाऊन शेवंतीजवळ बसायचं, तिला कुरवाळायचं, हात न धुता थोडा वेळ थांबायचं, असं ठरलं. तिला त्रास झाला नाही. हे आईपुरतं आणि शेवंतीपुरतं झालं. तुमच्या घरी कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर जातीच्या नावावर विसंबू नका, जे कुत्रं घरी येणार आहे त्याच्याच जवळ बसून पाहा.

केस गळत नाहीत याचा खरा अर्थ मला त्या निवाऱ्यातच कळला. 2009 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कुत्र्यांच्या केसांमधला बराचसा फरक केवळ तीन जनुकांमुळे पडतो. एकामुळे केस लांब होतात, दुसऱ्यामुळे मिशा-भुवया दाट येतात, तिसऱ्यामुळे केस कुरळे होतात. पूडल आणि बिशॉन फ्रीझ (अशीच कुरळ्या केसांची आणखी एक लहान जात) यांच्यात तिन्ही एकत्र येतात. अशा केसांची वाढ फार लांबते आणि सुटलेला केस जमिनीवर पडण्याऐवजी शेजारच्या कुरळ्या केसात अडकून बसतो. त्याला दुसरा गुंततो, त्यात लाळ, धूळ, ओल मिसळते आणि जट तयार होते. जट त्वचेला सतत ओढत राहते, आत वारा लागत नाही. आणि खाली काय चाललंय ते वरून काहीच दिसत नाही. दुरून तर कुत्रं गुबगुबीत, गोंडस दिसतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर करारावर सह्या झाल्या. त्या दिवशी कागदं बरीच हातात येतात आणि मन कुत्र्याकडे असतं, म्हणून तिथे काय पाहायचं ते सांगते. कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप स्कॅनरने वाचून दाखवा असं सांगा. त्यावरचा 15 आकडी क्रमांक करारावर, लसीकरण पुस्तिकेवर आणि रेबीजच्या प्रमाणपत्रावर तोच आहे ना, हे एकेक आकडा मिळवून बघा. आमच्या पुस्तिकेत एक आकडा इकडचा तिकडे झाला होता. तो तिथल्या तिथे दुरुस्त झाला. नंतर कळला असता तर सगळे कागद पुन्हा करावे लागले असते. रेबीजच्या नोंदीत लसीची तारीख, बॅच क्रमांक आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवाच.

चिप अंगात असली तरी तिच्यामागे नोंद कुणाची आहे हे महत्त्वाचं. शेवंतीची नोंद अजून आधीच्या मालकाच्या नावावर होती. ती आमच्या नावावर करायला निवाऱ्याचं पत्र, कराराची प्रत आणि आमचं ओळखपत्र लागलं, आणि त्यात काही आठवडे गेले. चिप म्हणजे कुत्रं कुठे आहे ते दाखवणारं यंत्र नव्हे. कुणीतरी कुत्र्याला स्कॅनरपर्यंत नेलं तरच ती उपयोगी पडते, आणि तेव्हा फोन जातो तो नोंदीतल्या क्रमांकावर. म्हणून नाव बदलेपर्यंत तिच्या गळ्यात आमचा फोन क्रमांक कोरलेला बिल्ला कायम होता. स्थानिक प्रशासनाच्या परवान्यासाठी रेबीजचं आणि नसबंदीचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं लागली. सगळ्याचे फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत. ग्रूमरपासून (कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांपासून) प्रवासापर्यंत सगळीकडे ते मागतात.

आता जटांबद्दल. निवाऱ्यात तिच्या तोंडावरचे आणि मागच्या बाजूचे केस कापले होते. बाकीच्या अंगाला हात लावला की ती थरथरायची, म्हणून उरलेलं काम नंतर गुंगी देऊन करायचं ठरलं होतं. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते आमच्या व्हेटच्या दवाखान्यात झालं. तोपर्यंत तिला आंघोळ घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाण्याने जट आणखी आवळते आणि आतली ओल वाळत नाही. कात्रीलाही हात लावायचा नव्हता. जटेच्या मुळाशी त्वचा वर ओढली गेलेली असते, केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही, आणि घरी कात्रीने जटा कापताना कुत्र्यांना खोल जखमा होतात.

काम क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने झालं, 10 नंबरच्या ब्लेडने. ते कातडीलगत, दीड मिलिमीटरच्या आसपास केस ठेवतं. ब्लेड तापतं, म्हणून मधूनमधून थांबून ते गार करावं लागत होतं. पाठीवरचे केस घोंगडीसारखे अखंड निघाले. खाली जे होतं ते पाहताना आईने माझा हात घट्ट धरला. काखेत आणि जांघेत त्वचा लालभडक होती. पुढच्या एका पायाचं वरच्या बाजूचं नख, जे जमिनीला टेकत नाही आणि झिजत नाही, ते गोल वळून कातडीत रुतलं होतं. पिसवांची वाळलेली विष्ठा मिळाली, आणि फासळ्या मोजता येत होत्या. अंगकाठीचं मोजमाप 9 पैकी करतात. 4 ते 5 चांगलं समजलं जातं. शेवंती 3 वर होती. एवढ्या आठवड्यांत तिच्या गुबगुबीत अंगाचा फोटो पाहून आम्हाला कुणालाही ते कळलं नव्हतं.

कानांवरच्या जटा काढल्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. जटेच्या ओझ्याखाली दबलेले कान एकदम मोकळे झाले की कुत्रं जोरजोरात डोकं झटकतं. तेवढ्याने कानाच्या पाळीत रक्त साचून गाठ होऊ शकते. म्हणून घरी नेताना डॉक्टरांनी तिच्या डोक्याभोवती मऊ, ताणणारी पट्टी सैलसर बांधून दिली आणि ती किती वेळ ठेवायची ते सांगितलं. तुमच्या कुत्र्याच्या कानांवर जटा असतील तर हे आधीच विचारून ठेवा.

पुढचे काही दिवस ती झोपून होती. अंगात सुती सदरा घातला होता, कारण उघड्या कातडीला गारवाही बाधतो आणि ऊनही. मलम, गोळ्या, जंतनाशक, थोडं थोडं खाणं. झोपेतून उठल्यावर तिने पहिल्यांदा अंग ताणलं, पुढचे पाय पूर्ण लांब करून, तेव्हा मला रडू आलं. तोवर तिला तसं करता येत नसावं, काखेतल्या जटा ओढल्या जात असणार.

मार्चपासून खरं काम सुरू झालं. केस जेमतेम नखाएवढे वाढले होते, विंचरायला काही नव्हतं. पण डॉक्टरांनी सांगितलं, "सवय आत्ता लावा, गरज नसताना. गरज पडेल तेव्हा शिकवायला गेलात तर तिला ते दुखतंच असणार." म्हणून आधी नुसता ब्रश जमिनीवर ठेवला आणि ती हुंगायला आली की खाऊ. मग ब्रशची पाठ अंगाला. मग एकच फटकारा आणि थांबणं. माझ्या मांडीवर हनुवटी टेकवली की काम सुरू आणि उचलली की काम बंद, हे तिला लवकर समजलं. ती हनुवटी उचलते तेव्हा मी खरंच थांबते. घाईत असले तरी. तिच्या अंगाला हात लावू देण्याचा निर्णय तिचा आहे हे तिला पटायला बरेच आठवडे लागले, आणि त्या आठवड्यांइतकी किंमत दुसऱ्या कशालाच नाही असं मला वाटतं.

साधनं दोनच लागतात: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि पोलादी फणी, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दातांची. बाकी बाजारात जे काही मिळतं त्यातलं फारसं काही मी वापरत नाही. पद्धत अशी: एका हाताने केस वर धरून भांग पाडायचा, त्वचेची रेघ दिसली पाहिजे. तिथून थोडे थोडे केस खाली सोडत ब्रश करायचे आणि शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवायची. फणी अडकली नाही तरच तो भाग झाला. नुसता वरवर ब्रश फिरवला तर केस फुलून छान दिसतात आणि मुळाशी गुंता तसाच राहतो. जटा धरायच्या जागा ठरलेल्या आहेत: कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या मध्ये आणि जिथे जिथे हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घासतो तिथे. त्यामुळे घरात आलो की हार्नेस आधी उतरवते. बाहेर मात्र गळपट्ट्याला दोरी न लावता हार्नेसच वापरते. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते आणि गळ्यावर ओढ बसणं बरं नाही.

आंघोळीचा क्रमही पक्का आहे. आधी पूर्ण विंचरणं, मग आंघोळ, मग टॉवेलने टिपून (चोळायचं नाही) कोमट हवेच्या ड्रायरखाली विंचरतच वाळवणं. कुरळे केस आपसूक वाळू दिले की आकसून एकमेकांत गुंततात.

हे सगळं करताना दोन्ही हात तिच्या अंगभर फिरतात, आणि कुरळ्या केसांच्या कुत्र्याची प्रकृती कळायचा मला तरी दुसरा रस्ता माहीत नाही. वजन वाढलं की नाही ते फासळ्यांवरून बोटं फिरवून कळतं. एप्रिलमध्ये जबड्याजवळ विंचरताना ती मागे सरकायला लागली. गुंता नव्हता. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या सुजलेल्या.

लहान जातींमध्ये हिरड्यांचा आजार फार आढळतो. तोंड लहान, पण प्रौढ कुत्र्याचे दात 42 च, त्यामुळे दाटी होते. भूल देऊन दंतसफाई आणि दातांचे एक्स-रे करायचं ठरलं. आधी रक्ततपासणी, मग तारीख मिळायला थांबणं, मग संमतीपत्र. संमतीपत्रात एक ओळ असते: भुलीखाली असताना आणखी दात काढावे लागले तर परवानगी आहे, की फोन करून विचारायचं? ती ओळ घरीच वाचून ठरवून जा. आम्ही परवानगी दिली होती, आणि एक्स-रेमध्ये हाड झिजलेलं दिसल्याने काही दात काढावे लागले. वर्षभरातला एका वेळचा सगळ्यात मोठा खर्च हाच. भूल न देता दात स्वच्छ करून देतो म्हणणारेही भेटतात, पण हिरडीखाली जिथे आजार असतो तिथवर ते पोहोचत नाहीत. आता रोज रात्री तिचे दात कुत्र्यांच्या टूथपेस्टनेच घासते. माणसांच्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो, आणि झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे. दुखतंय म्हणून माणसांची वेदनाशामक गोळीही कधी देऊ नका.

मे महिन्यात चालता चालता मागचा एक पाय मध्येच उचलून, दोन पावलं लंगडी घालून, पुन्हा नीट चालणं सुरू झालं. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत होती. याच्या चार पायऱ्या असतात, तिची दुसरी. सध्या शस्त्रक्रिया नको, वजन आटोक्यात ठेवा, गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका, असं सांगितलं. जमिनीवर रबरी पट्ट्या अंथरल्या, आणि पंजांच्या गाद्यांमधले केस दर आठवड्याला कापायला लागले. ते वाढले की फरशीवर पाय घसरतो.

ग्रूमर शोधायला वेळ लागला. मी प्रत्येक ठिकाणी आधी शेवंतीला न घेता गेले. मला थांबू देणार का, ड्रायर हातात धरून वापरता की पिंजऱ्याला लावून ठेवता, ती घाबरली तर काय करता, हे विचारलं. ज्या ताईंनी "घाबरली तर काम अर्ध्यावर थांबवू, पुन्हा या" असं उत्तर दिलं, त्यांच्याकडेच आम्ही जातो. चार ते सहा आठवड्यांनी केस कापावे लागतात, आणि सतत चालू राहणारा खर्च हा आहे. दत्तक घेण्यापूर्वी वर्षाचा हिशेब मांडा. फोटोतल्यासारखी लांब, फुललेली केशरचना आम्ही ठेवत नाही. अंगावर बोटाच्या पेराएवढे केस, चेहरा आणि पंजे मोकळे, एवढंच.

डोळ्यांखालच्या तपकिरी रेघांबद्दल सगळे विचारतात. अश्रूंमधल्या पॉर्फिरिन नावाच्या द्रव्याने तो रंग येतो. आधी अश्रुनलिका, पापण्या आणि दात तपासून घ्यावेत. ते ठीक असतील तर कोमट पाण्याच्या कापडाने रोज पुसणं पुरतं. डाग घालवणाऱ्या पुड्यांपासून लांब राहा; त्यांतल्या काहींमध्ये टायलोसिन हे प्रतिजैविक असल्याने अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2014 साली इशारा दिला होता. कानांचं म्हणाल तर, तिच्या कानातले केस आम्ही उपटत नाही. पावसात भिजल्यावर एकदा आंबूस वास आला, तेव्हा डॉक्टरांनी मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, यीस्टचा (एका बुरशीचा) संसर्ग निघाला आणि थेंबांनी बरा झाला. वास आला की घरातलं काही घालू नका, आधी तपासणी.

एकटं राहायला ती अजून शिकतेय. सुरुवातीला दार लावून लगेच परत यायचो, फोनचा कॅमेरा चालू ठेवून. ती दाराशी धापा टाकायला लागण्याच्या आत परत येणं महत्त्वाचं. आता ती कामापुरती राहते, पूर्ण दिवस नाही, आणि पूर्ण दिवस ठेवायचा आमचा विचारही नाही.

पुढच्या महिन्यात तिची वार्षिक तपासणी आहे. लहान पूडल आणि बिशॉनमध्ये मूत्राशयात खडे होण्याची प्रवृत्ती असते, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना न्यायचाय. केस खाली लोंबत नसल्याने तो उथळ ताटलीत धरता येतो; नमुना लगेच पोहोचवायचा असतो. रेबीजच्या पुढच्या लसीची तारीख, परवान्याचं नूतनीकरण आणि गुडघ्याची फेरतपासणी त्याच दिवशी जमवलीय. अंगकाठीच्या मोजमापात ती आता 5 वर आहे.